सायगॉनच्या बरण्यांसमोर कुमुदताई

कुमुदताई पांढरीपांडे यांच्या स्वयंपाकघरात लाल मिरची कधी आली नाही. नागपूरकडच्या बाईच्या घरात तिखटाचा डबा नसावा, याचं आम्हां शेजाऱ्यांना फार नवल वाटायचं. वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी, रश्श्यात हिरवी मिरची, नाहीतर मिरे. शेजारी कुणी सुक्या मिरच्या भाजायला घेतल्या, तर त्या हातातलं काम टाकून आधी खिडक्या लावून घेत. मी एकदा कारण विचारलं.

"वास सहन नाही होत बाप्पा," एवढंच म्हणाल्या आणि कांदा चिरत राहिल्या.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून भोपाळला आलो आणि अरेरा कॉलनीत त्यांच्या शेजारी राहायला लागलो. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर इथे आले होते. कुमुदताई इथेच वाढल्या, शिकल्या, इथल्याच पांढरीपांड्यांशी लग्न झालं. त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी आणि अर्धं वऱ्हाड असे. "नीलू, तू काहून फालतूचं टेन्शन घेऊन राहिली?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! मी भेटले तेव्हा त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या होत्या, पांढरीपांडेकाका जाऊन काही वर्षं झाली होती, आणि मुलगी केतकी लग्न होऊन इंदूरला होती.

जुन्या शहरात एका ट्रस्टचं प्रसूतिगृह होतं, ते आता नाही. तिथे कुमुदताई लॅब टेक्निशियन होत्या. नोकरी संपली तरी हाताची सवय गेली नव्हती. घरातल्या प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर त्यांचं बारीक, सरळ अक्षर. फ्रीजमधल्या दह्यावरसुद्धा तारीख असे. बिट्टन मार्केटच्या बाजारातून भाजी आणली की आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग पिशवी उघडायची. वागणं थोडं कोरडं. कुणाच्या बाळाला त्यांनी उचलून घेतलेलं मी पाहिलं नाही. बारशाला जात, वाटी-चमचा देत, पाळण्यापासून जरा लांब बसत आणि लवकर निघत.

त्यांना एकच शौक होता, म्युझियमं बघायचा. श्यामला हिल्सवर आमच्या भोपाळात म्युझियमांना तोटा नाही. कंटाळा आला की त्या मला स्कूटरवर मागे बसवत आणि निघत. तिथे गेल्यावर माणसं मूर्ती बघतात, कुमुदताई मूर्तीखालची पाटी वाचत. एकदा एका मोडक्या मूर्तीपाशी थांबल्या. कडेवर मूल घेतलेली बाई, दोघांनाही डोकं नाही. खाली पाटी होती, 'मूर्ति, खंडित'.

त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याला बोलावलं. "भैया, ये कहाँ से आई? किस गाँव की है?"

"हमको क्या पता मैडम. जैसी आई, वैसी रख दी."

"तो किसको पता है? उनसे मिलाओ."

मला लाज वाटायला लागली होती. पण कुमुदताईंनी साहेबांचं ऑफिस शोधून काढलं, अर्ज दिला, नंतर दोनदा जाऊन आठवण केली. काही महिन्यांनी मला मुद्दाम तिथे घेऊन गेल्या. पाटी बदलली होती, तिच्यावर गावाचं नाव आलं होतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मला वाटलं, आता त्या मूर्तीला हात लावून नमस्कार करतील.

"ठेवायचं तर नावानिशी ठेवा," परत येताना म्हणाल्या. "नाही तर कबाड्याचं दुकान काय वाईट आहे?"

एका जागी मात्र त्या जात नसत. बंद पडलेल्या कारखान्याच्या बाजूने रस्ता असेल, तर स्कूटर लांबून वळवत. डिसेंबरच्या सुरुवातीला, शहरात गॅसची आठवण निघते, मोर्चे निघतात, तेव्हा त्या चार-आठ दिवस वर्तमानपत्र उघडत नसत. भोपाळमध्ये 'गॅस' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मीही विचारलं नाही. वारा त्या वेळी आमच्या बाजूला आला नव्हता, हे मी जुन्या लोकांकडून ऐकलं होतं. म्हणजे कुमुदताई वाचल्या, एवढाच अर्थ मी काढला.

व्हिएतनामची सहल आमच्या ओळखीतल्या सक्सेनाजींनी ठरवली. ते बँकेतून निवृत्त झालेले, हौशी माणूस. हल्ली सगळेच व्हिएतनामला जातात, म्हणून आपणही जाऊ, इतकंच. मी कुमुदताईंना सहज सांगितलं, तर त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"सायगॉनला थांबणार का तुम्ही?"

"हो, तीन दिवस. आता त्याला हो ची मिन्ह सिटी म्हणतात."

"मी येऊ?"

ज्या बाई केतकीकडे इंदूरला जायलाही कुरकुरत, त्यांनी दुसऱ्याच दिवशी पासपोर्टची चौकशी सुरू केली.

सायगॉनमध्ये उतरलो तर रस्त्यावर मोटरसायकलींचा लोंढा. सिग्नल नावालाच. आमची मंडळी फुटपाथवर खोळंबली. सक्सेनाजी एक पाय पुढे टाकत आणि मागे घेत. आमची गाइड लान नावाची तरुण मुलगी होती. ती म्हणाली, थांबायचं नाही, धावायचं नाही, सावकाश चालत राहायचं, गाड्या तुम्हाला वळसा घालतील. कुणाचा विश्वास बसेना. कुमुदताई साडीचा काठ जरा उचलून सरळ निघाल्या. मोटरसायकली त्यांच्या दोन्ही अंगांनी पाण्यासारख्या फाटत गेल्या. पलीकडे पोचून त्या आमची वाट बघत उभ्या राहिल्या, जणू बिट्टन मार्केटचा रस्ता ओलांडला.

पहिल्या दिवशी जुन्या अध्यक्षांचा महाल पाहिला. वर गालिचे, झुंबरं, जेवणाचं लांब टेबल. खाली तळघरात युद्धाच्या खोल्या, भिंतीवर नकाशे, जुने टेलिफोन, रेडिओची यंत्रं. सक्सेनाजींनी एका टेलिफोनकडे बघून "हॅलो, भोपाळ?" केलं, सगळे हसले. कुमुदताई वरच्या मजल्यावरच्या त्या टेबलाबद्दल म्हणाल्या, "वर जेवण, खाली नकाशे. आवाज वर येत नसेल."

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या म्युझियममध्ये गेलो. तिथे एका बाईचा जतन केलेला मृतदेह आहे. शहरातच खोदताना तिची कबर सापडली होती. काचेच्या पेटीत ती वाळकी बाई झोपलेली, केस अजून डोक्यावर. बाकीचे झटकन पुढे गेले. कुमुदताईंनी लानला विचारलं, "हिला बाहेर काढताना कुणाला विचारलं का?"

"कुणाला विचारणार?" लान म्हणाली. "फार जुनी कबर होती."

"हं," कुमुदताई म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी लानने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

तिसऱ्या दिवशी युद्धाचं म्युझियम होतं. अंगणात रणगाडे, विमानं, हेलिकॉप्टर. आमच्यातल्या पुरुषांनी फोटो काढून घेतले. आत वेगवेगळ्या मजल्यांवर नुसते फोटो. अमेरिकनांनी जंगलांवर विमानातून विष फवारलं, त्याचं एक वेगळं दालन आहे. विष झाडांसाठी होतं, पण ते पाण्यात गेलं, मातीत गेलं, बायकांच्या पोटात गेलं. त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे फोटो भिंतीभर. लानने दाराशीच सांगितलं, ज्यांना सोसणार नाही त्यांनी खाली थांबावं.

"छुट्टी में ये सब कौन देखे," म्हणत सक्सेनाजी खाली गेले. हळूहळू बाकीचेही गेले. माझे यजमान अर्ध्यातून मागे फिरले.

मी कुमुदताईंच्या मागे होते. त्या एकही फोटो न बघता पुढे चालल्या होत्या, जणू त्यांना जागा माहीत होती. एका कोपऱ्यात त्या थांबल्या. काचेच्या बरण्या होत्या. पिवळसर द्रवात जन्माच्या आधीच थांबलेली मुलं. डोळे मिटलेले. एकाची मूठ गालाशी.

मी मान फिरवली. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर कुमुदताई काचेच्या अगदी जवळ वाकून बरण्यांची झाकणं बघत होत्या. मग द्रवाचा रंग. मग तळ. त्यांची नजर एखाद्या नर्सने वॉर्डमधून फिरावं तशी फिरत होती.

"नीट ठेवलीत," त्या पुटपुटल्या. "सील चांगलं आहे. पाणी बदलत असतील."

आणि एकाएकी, मी धरायच्या आत, त्या तिथेच फरशीवर बसल्या. पहारा करणारी बाई धावत आली. लान पाणी घेऊन आली. आम्ही दोघींनी त्यांना धरून खाली अंगणात आणलं आणि झाडाखालच्या बाकावर बसवलं. समोर एक भलंमोठं विमान उभं होतं, त्याच्या पंखाखाली आमची मंडळी नारळपाणी पीत होती.

तिथे, त्या बाकावर, कुमुदताईंनी मला सांगितलं.

गॅसनंतर जुन्या शहरातल्या बायका त्यांच्या प्रसूतिगृहात येत होत्या. दिवस भरायच्या आत पोट रिकामं होत होतं. एकीनंतर एक. डोळे सुजलेले, खोकत खोकत, सगळ्यांचं एकच बोलणं, मिर्ची जली जैसी बू थी, मिर्ची जली जैसी. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी ठरवलं की ही मुलं फेकायची नाहीत, ठेवायची. कधीतरी कुणीतरी विचारील. सायगॉनला अशीच ठेवली आहेत, असं त्या सांगत. बरण्या भरायचं काम कुमुदताईंकडे आलं. प्रत्येक बरणीवर त्यांनी आईचं नाव लिहिलं.

"आणि तेव्हा केतकी माझ्या पोटात होती, नीलू," त्या म्हणाल्या. "मी इकडे, अरेरा कॉलनीत झोपलेली होती त्या वेळी. इकडे काही आलं नाही. मी रोज घरून चांगली हवा घेऊन जायची आणि तिथे त्या बायकांची मुलं बरणीत टाकायची. पोटात माझी लाथा मारून राहिली. केतकी धडधाकट झाली. एक बोटही वाकडं नाही."

त्या बायकांत एक रईसा होती. वीस-एकवीस वर्षांची, पहिलंच मूल. पुढे तिला मूल झालंच नाही. ती दरवर्षी प्रसूतिगृहात यायची. लॅबच्या दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "दीदी, एक बार दिखा दो." नियमात बसत नव्हतं, पण कुमुदताई दार लावून घेत आणि तिला बरणी दाखवत. रईसा रडत नसे. हात न लावता बघायची, म्हणायची, "बड़ा नहीं होता ये," आणि जायची.

"कुणी विचारायला आलं का मग?" मी म्हटलं.

"सुरवातीला आले. मग नाही. डॉक्टरबाई वारल्या. ट्रस्टने जागा विकायला काढली. मला म्हणाले, लॅब साफ करा, घेणारा बघायला येणार आहे. मी विचारलं, ह्यांचं काय करू? म्हणाले, तुम्हीच बघा. मी दोन-तीन जागी गेली, बाप्पा. कोणालाच नको होत्या. शेवटी चौकीदाराला घेतलं, हातगाडी केली आणि शहराच्या टोकाला, करोंदच्या पुढे, धान्याच्या मंडीच्या मागे मोकळी जमीन होती, नाल्याच्या कडेला, तिथे पुरल्या. लहान मुलांना आपल्यातही पुरतात, त्यांच्यातही. वाटलं, बरोबर केलं. मातीला माती."

लान शेजारी उभी होती. मी तिला इंग्रजीत थोडं थोडं सांगत होते. ऐकून ती म्हणाली, "माझी आजी म्हणते, वरच्या त्या मुलांना पुरायला हवं, त्यांना शांती नाही. माझी आई म्हणते, ठेवायलाच हवं, नाहीतर लोक म्हणतील, असं काही झालंच नव्हतं. आमच्या घरात यावरून भांडण होतं."

"आणि तू?" कुमुदताईंनी विचारलं.

"मी इथे लोकांना घेऊन येते," लान म्हणाली.

कुमुदताईंनी पाण्याचा घोट घेतला. "पुरलं त्याचं इतकं नाही," त्या मला म्हणाल्या. "त्याचं काय बरोबर ते मला आजही समजत नाही. पण त्याच वर्षी रईसा आली. बंद दारापाशी उभी होती. मी चाव्या द्यायला गेलेली. म्हणाली, दीदी, दिखा दो. मी म्हटलं, दिल्लीला पाठवल्या. तिथे मोठे डॉक्टर अभ्यास करून राहिले. ती इतकी खूश झाली, नीलू! म्हणाली, मेरा बच्चा दिल्ली गया! माझे हात हातात घेतले तिने."

विमानाच्या पंखाखालून सक्सेनाजी हाका मारत होते. बसची वेळ झाली होती.

परत आल्यावर कुमुदताई दोन-तीन आठवडे घराबाहेर पडल्या नाहीत. मग एका सकाळी नऊवारी नेसावी तशी घट्ट साडी खोचून आमच्या दारात उभ्या राहिल्या. "गाडी काढ. करोंदला जायचं आहे."

रईसा करोंदचीच, एवढं कुमुदताईंना माहीत होतं, त्यामुळे ठावठिकाणा शोधायला वेळ लागला नाही. मंडीच्या मागच्या वस्तीत एका शिंप्याने घर दाखवलं. नवरा कधीच वारला होता. भाच्याच्या घरात पुढची खोली तिला होती. दारावर हिरवा पडदा. बारीक, काळवंडलेली बाई, डोळ्यांच्या कडा लाल. कुमुदताईंना तिने लगेच ओळखलं.

"दीदी! कितने बरस बाद!" तिने खाट झटकली. "बैठो. दिल्ली से कुछ ख़बर आई?"

कुमुदताई बसल्या नाहीत. उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं. दिल्ली नव्हती. डॉक्टर नव्हते. नाला, हातगाडी, चौकीदार. "मैं झूठ बोली थी."

रईसाच्या हातात खाटेवरची चादर तशीच राहिली. बाहेर मंडीत ट्रकचे भोंगे वाजत होते.

"मैंने सबको बोला है," ती शेवटी म्हणाली. "भाई को, भाभी को, बच्चों को. कि हमारा एक दिल्ली में है."

तिने चादर खाटेवर टाकली.

"कहाँ गाड़ा? चलो, दिखाओ."

आम्ही तिघी गेलो. मोकळी जमीन आता मोकळी नव्हती. गोदामं झाली होती, एकाला एक लागून. पत्र्याची छपरं, धान्याची धूळ, पोती उतरवणारे हमाल. नाला सिमेंटने बांधून काढलेला. कुमुदताई नाल्याच्या कडेने चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. एका भिंतीपाशी थांबल्या. एखादी जागा बोटाने दाखवणं किती सोपं होतं! मला तर वाटलं, दाखवावी. रईसाच्या मनाला तेवढाच आधार.

"यहाँ?" रईसाने विचारलं.

"पता नहीं," कुमुदताई म्हणाल्या. "मला नाही सांगता येत. पता नहीं, रईसा."

रईसाने त्यांच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे, मग गोदामांच्या सगळ्या ओळीकडे. तिने ओढणी डोक्यावर ओढली, ओठ हलले, हात तोंडावरून फिरवले. आमच्याकडे न बघता ती एकटीच परत निघाली. आम्ही मागे गेलो तेव्हा दार बंद होतं.

त्यानंतर कुमुदताई दर आठवड्याला करोंदला जायला लागल्या. कधी मी नेत असे, कधी त्या ऑटोने जात. रईसाच्या दाराशी एक दगडी पायरी होती, तिच्यावर बसत. दार उघडत नसे. आत माणसं बोलताना ऐकू येत. भाच्याची बायको येता-जाता म्हणायची, "अम्मा नहीं मिलेंगी आपसे." कुमुदताई म्हणत, "ठीक है," आणि बसून राहत. वस्तीतली पोरं त्यांना वेडी समजायला लागली. केतकी इंदूरहून येऊन रागावून गेली. ती मला म्हणाली, "मावशी, आईला समजवा ना. ती बाई हिला काय देणार आहे?"

मी समजावून पाहिलं. "तिला आता कशाला त्रास, ताई?"

"माफी मागायला नाही जात मी," कुमुदताई म्हणाल्या. "ती दरवर्षी यायची ना माझ्या दाराशी. आता माझी पाळी."

उन्हाळा आला. त्यांची तब्येत उतरत चालली होती. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. जिना चढताना दम लागायचा. मी म्हटलं, आता पुरे. त्यांनी ऐकलं नाही. त्या दिवशी मीच गाडी काढली, कारण त्यांना ऑटोने पाठवायची माझी हिंमत नव्हती. दुपार टळटळीत होती. गल्लीत सावली नव्हती. गाडी आत जात नाही, म्हणून मी कोपऱ्यावर थांबवली. कुमुदताई भिंतीला धरून धरून गेल्या आणि पायरीवर बसल्या. पदर डोक्यावर घेतला.

बराच वेळ गेला. मी पाण्याची बाटली घेऊन उतरणार, तेवढ्यात दार उघडलं. रईसा उंबऱ्यात आली. ती कुमुदताईंकडे वरून बघत उभी राहिली. गल्ली अरुंद होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"माफ़ नहीं करूँगी," रईसा म्हणाली.

कुमुदताईंनी मान हलवली.

"मरते दम तक नहीं."

"हाँ."

"पर धूप में मत बैठो. अंदर आ जाओ."

कुमुदताईंना एका झटक्यात उठता येईना. रईसाने हात पुढे केला नाही, पण पडदा बाजूला धरून ती थांबली. कुमुदताईंनी चपला काढल्या, चौकटीला धरलं आणि ठेंगण्या दारातून वाकून आत गेल्या. पडदा खाली पडला.

त्या दिवशी त्या परत बाहेर आल्या आणि मी त्यांना घरी आणलं. आठवड्याभरात केतकी त्यांना इंदूरला घेऊन गेली आणि तिथेच त्या गेल्या. पण मला कुमुदताई आठवतात त्या तशाच, पाठमोऱ्या, वाकून त्या दारातून आत जाताना.